मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागला: ब्रेक गेले काय, गाडी चालवायची का, आणि खर्च नेमका कशावर करायचा

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन चौकश्या हमखास ऐकू येतात. एक म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, आणि दुसरी, "भावा, मीटरवर पिवळा दिवा लागलाय, ब्रेक गेले काय रे?" पहिलीचं उत्तर मोबाईलवर मिळतं. दुसरीला जितकी तोंडं तितकी उत्तरं, कोण म्हणतं काय होत नाही चालव बिनधास्त, कोण म्हणतं जागेवर थांबव, आणि एखादा तर गाडी न बघताच 'मॉड्यूल गेलं, पाच आकडी खर्च' म्हणून मोकळा होतो.

त्यात रस्ते वाहतूक मंत्रालयानं जून २०२५ मध्ये सगळ्याच नव्या टू-व्हीलरना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लावायचा मसुदा काढला, तेव्हापासून चहाच्या गाड्यावरपण एबीएसची चर्चा चालू असते. नव्या कारना तर ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचंच आहे, म्हणजे त्यानंतरची अगदी साधी हॅचबॅक असली तरी हा दिवा तुमच्या मीटरमध्ये आहेच.

ज्याला घाई आहे त्यानं एवढंच वाचलं तरी चालेल. फक्त पिवळा एबीएसचा दिवा लागलाय आणि पेडल नेहमीसारखं कडक लागतंय, तर साधे ब्रेक शाबूत आहेत, सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवापण लागला असेल तर आधी गाडी बाजूला घ्या.

## चाक जाम झालं की काय होतं

तालमीत गेलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. लाल मातीत पैलवानाचा पाय रोवलेला असतो तोवर तो पाहिजे तिकडं वळतो, डाव टाकतो, पण पाय एकदा का घसरला की वजन ज्या बाजूला, गडी त्या बाजूला. टायरचं तेच आहे. चाक फिरत असतं तेव्हा टायरचा जो तुकडा रस्त्याला टेकलाय तो त्या क्षणापुरता रोवलेला असतो, म्हणून स्टेअरिंग फिरवलं की गाडी वळते. जोरात ब्रेक मारला आणि चाक जाम झालं की टायर नुसता घासत जातो, मग स्टेअरिंग कितीपण फिरवा, गाडी सरळच जाणार. शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरनं डांबरावर चिखल आणून टाकलेला असतो आणि वर रिमझिम पाऊस, अशा ठिकाणी चाक जाम व्हायला फार जोराचा ब्रेकपण लागत नाही.

एबीएसचं काम म्हणजे हे चाक जाम होऊ द्यायचं नाही, बास. बॉश कंपनीनं १९७८ मध्ये कारसाठी याचं उत्पादन सुरू केलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं की एबीएस म्हणजे गाडी कमी जागेत थांबणार. ओल्या डांबरावर बहुतेक वेळा तसं होतंही, मात्र सुट्या खडीवर किंवा मुरुमावर उलट थोडी जास्तच जागा लागू शकते. खरा फायदा हा, की ब्रेक पूर्ण दाबून धरलेला असतानाही समोरच्या म्हशीला चुकवून गाडी काढता येते.

## आत काय चालतं

प्रत्येक चाकाच्या हबपाशी करंगळीच्या पेराएवढा एक सेन्सर असतो. त्याच्यासमोर दात्यांची एक रिंग फिरते, नव्या गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते. दाते किती वेगानं समोरून जातात त्यावरून त्या चाकाचा स्पीड कळतो. चारही चाकांच्या वायरी बॉनेटखाली एका डब्यात जातात, ज्यात ब्रेकच्या पाईपा घुसलेल्या दिसतात तो डबा. त्यात व्हॉल्व्ह आहेत, एक छोटा पंप आहे आणि डोकं आहे, ह्या सगळ्याला मिळून मॉड्यूल म्हणतात.

ब्रेक मारल्यावर तीन चाकं ४० नं फिरतायत आणि एक अचानक ५ वर आलं, म्हणजे ते जाम व्हायला लागलंय. मॉड्यूल त्या एका चाकाचं प्रेशर सोडतं, परत देतं, परत सोडतं, एका सेकंदात कित्येकदा. त्या वेळी पेडल पायाखाली तडतडतं आणि खालून खरखर आवाज येतो. हे लक्षात ठेवा, कारण खूप लोक नेमकं त्याच क्षणी काहीतरी मोडलं म्हणून घाबरून पाय उचलतात. पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टेअरिंग फिरवायचं. पंपासारखा पाय मारत राहायची जुनी शिकवण एबीएसच्या गाडीला लागू नाही.

आता दिव्याचं. मॉड्यूल चारही सेन्सरवर अवलंबून आहे. एक जरी सेन्सर उलटसुलट सांगायला लागला तर ते अंदाजानं काम करत नाही, कारण चुकीच्या माहितीवर चांगल्या चाकाचा ब्रेक सोडला तर भलतंच व्हायचं. म्हणून ते सरळ स्वतःला बंद करून घेतं आणि दिवा लावतं. पेडलपासून चाकापर्यंतची ब्रेक ऑइलची लाईन तशीच राहते. तुमची गाडी त्या वेळी एबीएस नसलेल्या जुन्या गाडीसारखी झालेली असते, त्यापेक्षा वाईट नाही.

## मग ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा का लागला?

एबीएस ब्रेक मारताना चाक जाम होऊ देत नाही, ट्रॅक्शन कंट्रोल ॲक्सिलरेटर देताना चाक रिकामं फिरू देत नाही. एक चाक चिखलात भिरभिरायला लागलं की इंजिनची ताकद कमी करायची, गरज पडली तर त्या चाकाला हळूच ब्रेक लावायचा. ह्याला लागणारे सेन्सर तेच, मॉड्यूल तेच. त्यामुळं एक सेन्सर गेला की एबीएस, ट्रॅक्शन, गाडीत असेल तर हिल होल्ड (चढावर गाडी मागं येऊ न देणारं), सगळे दिवे एकदम लागतात आणि माणूस हबकतो की चार वस्तू एकदम गेल्या. तसं नसतं, बहुतेक वेळा बिघाड एकच असतो.

बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटरपण ह्याच सेन्सरवर चालतो, त्यामुळं काटा शून्यावर झोपला आणि एबीएसचा दिवा लागला तर दोन वेगळी कामं करून घेऊ नका.

ट्रॅक्शनचा दिवा म्हणजे गाडीचं चित्र आणि मागं नागमोडी रेघा. तो लुकलुकत असेल तर बिघाड नाही, ते काम करतंय, म्हणजे चाक घसरतंय आणि तुम्ही ॲक्सिलरेटर कमी करा. सलग लागून राहिला तर बिघाड. आणि चित्राखाली ऑफ लिहिलेलं असेल तर कुणीतरी बटण दाबलंय, डॅशबोर्ड पुसताना हात लागून बंद झालेलं असतं आणि लोक गॅरेज गाठतात. बटण परत दाबा.

ते बटण दिलंय कशाला, असं कुणी विचारेल. शेताच्या बांधावर गाडी रुतली की ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरायला लागल्या लागल्या ताकद कापतं आणि गाडी जागची हलत नाही. तेवढ्यापुरतं ते बंद करायचं, गाडी बाहेर काढायची, रस्त्यावर आल्यावर परत चालू.

अजून एक गंमत. इंजिनचा चेक लाईट लागला की कितीतरी गाड्यांत ट्रॅक्शनचा दिवापण लागतो, कारण इंजिनची ताकद नीट कमीजास्त होईल याची खात्री राहत नाही. तिथं आधी इंजिनचं काम करायचं, ब्रेकला हातपण लावायची गरज नसते.

## लाल आणि पिवळा एकदम

हे मात्र हलक्यात घ्यायचं नाही. लाल दिव्याचे साधे अर्थ दोन, हँडब्रेक ओढलेला आहे किंवा ब्रेक ऑइल कमी झालंय. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलची पांढरट डबी असते तिच्यावर मॅक्स आणि मिनच्या रेघा असतात.

ऑइल मिनच्या खाली असेल तर एकतर ब्रेक पॅड झिजून संपत आलेत नाहीतर कुठून तरी गळतंय. पेडल मऊ लागतंय, खाली जातंय, तर गाडी चालवायचीच नाही, टोईंग बोलवा. आणि डबीत मिळेल ते ऑइल ओतू नका, इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल थोडं जरी गेलं तरी आतले रबरी सील फुगतात आणि अख्खी ब्रेक सिस्टीम उघडायची वेळ येते. डबीच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच घालायचं.

ऑइल भरलेलं आहे, हँडब्रेक खाली आहे, तरी दोन्ही दिवे लागलेत? मग बहुतेक ईबीडी बंद पडलंय. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा ते ईबीडी ठरवतं. ते नसेल तर जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी जाम होतात, आणि मागची आधी जाम झाली की गाडी सरळ न जाता गर्रकन फिरते. अशा गाडीला घाटात नेणं शहाणपणाचं नाही. गावातल्या गावात अगदी हळू गॅरेजला जा, लांब असाल तर टोईंग.

## फक्त पिवळा आहे, गगनबावड्याला जाऊ काय?

जाता येतं का, तर येतं. जावं का, तर पावसात धुकं असताना गगनबावड्याच्या पुढचा करूळ घाट उतरायला मी तरी नको म्हणेन, दिवा काढून घ्या आणि मग जा. रोजचं ऑफिस, राजारामपुरी ते शाहूपुरी, त्याला अडचण नाही, फक्त पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवायचं आणि एकदम ब्रेक मारायची वेळ येणार नाही असं चालवायचं. तरी मारायला लागलाच आणि टायर किंचाळून गाडी सरळ घसरायला लागली तर पेडल थोडं सोडा, चाक परत फिरू द्या, मग परत दाबा. एबीएसवाला माणूस पाय दाबून धरायला शिकलेला असतो आणि दिवा लागलेला असताना नेमकं तेच चालत नाही, म्हणून हे आधीच डोक्यात ठेवा.

घाट उतरायचाच असेल तर खालच्या गिअरमध्ये, हे एबीएस चालू असतानाही खरं आहे. आणि पन्हाळ्याच्या चढाला ट्रॅफिकमध्ये थांबलात तर हिल होल्ड बंद आहे हे विसरू नका, ब्रेकवरचा पाय काढला की गाडी मागं येणार. हँडब्रेक ओढा, क्लच सोडत सोडत निघा, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं तसं.

## दिवा लागायची कारणं बहुतेक चाकापाशीच असतात

सेन्सर चाकाच्या मागं, चिखल, पाणी आणि ब्रेकच्या लोखंडी भुकटीत चोवीस तास बसलेला. सेन्सरमध्ये किंवा त्याच्यासमोरच्या पट्टीत चुंबक असतं, त्यामुळं डिस्क-पॅडची भुकटी तिथं मिशीसारखी चिकटते. सेन्सर एका बोल्टवर असतो, काढून कापडानं पुसून परत लावला आणि दिवा गेला असं होतं, रुपया खर्च नाही. फक्त गंजून बसला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा नाही, प्लॅस्टिक आहे, तुटतं.

वायर हा दुसरा गुन्हेगार. पुढच्या चाकाची वायर शॉकअपच्या कडेनं रबराच्या बुचात अडकवलेली असते कारण स्टेअरिंगबरोबर तिला सारखं वळायला लागतं. ब्रेक पॅड बदलताना किंवा शॉकअपचं काम करताना ते बूच परत बसवलं नाही तर वायर टायरला घासते आणि महिन्या-दोन महिन्यांनी दिवा लागतो, तोवर त्या कामाची आठवणपण राहिलेली नसते. म्हणून दिवा लागला की पहिला प्रश्न स्वतःला, इतक्यात चाकापाशी काय काम केलं होतं? ऊसाच्या शेजारी गाडी लावणाऱ्यांना वायर कुरतडणारा उंदीर वेगळा सांगायला नको.

बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला तर जवळपास खात्रीनं बेअरिंग उलटं बसलंय. चुंबकाची पट्टी एकाच बाजूला असते, डोळ्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात, ती बाजू सेन्सरकडं आली नाही की सेन्सरला काही दिसत नाही. चांगले जुने फिटरपण इथं फसतात.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीत कनेक्टरच्या पिना हळूहळू हिरव्या पडतात आणि दिवा कधी लागतो, कधी आपोआप जातो.

मग किरकोळ गोष्टी, फ्यूज, ब्रेक लाईटचा स्विच, एका चाकाला वेगळ्या साईझचा टायर किंवा बारकी स्टेपनी, आणि म्हातारी बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली आलं की मॉड्यूल रुसतं. सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा आणि नंतर दिवसभर नाही, असं असेल तर आधी बॅटरी तपासा.

एक बिघाड असा आहे ज्यात दिवा लागतच नाही. कोरड्या सपाट रस्त्यावर हळू थांबताना, शेवटच्या १० च्या स्पीडला, पेडल तडतडतं. हे बहुतेक दात्यांची रिंग गंजून तडकल्यामुळं होतं. तडकलेल्या जागी दोन दात्यांतलं अंतर वाढतं, सेन्सरला वाटतं चाक क्षणभर थांबलं, आणि एबीएस विनाकारण ब्रेक सोडतं. सिग्नलला पुढच्या गाडीला धडकायचं हे चांगलं निमित्त आहे, दिवा नाही म्हणून सोडून देऊ नका.

## स्कॅनर लावला, 'सेन्सर गेला' असं आलं. बदलू?

थांबा. आपल्या उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं, पण ह्या बिघाडाला पान्याच्या आधी स्कॅनर लागतो हे खरं. ऑनलाईन मिळणारा स्वस्तातला ओबीडी डबा (गाडीला जोडून मोबाईलवर बिघाडाचे कोड दाखवणारा) बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो, जे पी अक्षरानं सुरू होतात. एबीएसचे कोड सी अक्षराचे, त्यासाठी एबीएस मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर पाहिजे. मोबाईलवर 'नो फॉल्ट' आलं म्हणून गाडी ठीक आहे असं नाही.

दुसरं, कोड सांगतो की पुढच्या डाव्या चाकाच्या सर्किटमध्ये गडबड आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सर, वायर, कनेक्टर, रिंग, बेअरिंग सगळं आलं. यातलं कुठलं, ते माणसानं शोधायचं. म्हणून सरळ सांगा, "दादा, लाईव्ह डेटा लावा आणि एक चक्कर मारू." स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे दिसतात. गाडी ३० नं चाललीय आणि ३०, ३०, ३०, ० असं दिसलं तर वायर, सेन्सर किंवा उलटं बेअरिंग. चौथा आकडा ३० वरनं मध्येच उडी मारून २२, परत ३० असा नाचत असेल तर रिंग किंवा चिकटलेल्या भुकटीची मिशी. ह्या एका चक्करीनं नको तो पार्ट घ्यायचा वाचतो. शंका असेल तर डाव्या-उजव्या बाजूचे सेन्सर अदलाबदल करून बघता येतात, जिथं दोन्ही सारखे असतात तिथं. कोड सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर खराब, जागच्या जागी राहिला तर वायर नाहीतर रिंग.

## 'मॉड्यूलच गेलंय' म्हणाले तर?

जातं, नाही असं नाही, पण ते यादीत सगळ्यात शेवटी. तिथं पोचायच्या आधी फ्यूज, मॉड्यूलला येणारा करंट, अर्थिंग आणि बॅटरी तपासली का विचारा. हे न तपासता मॉड्यूलचं कोटेशन देणाऱ्याकडून गाडी परत आणलेली बरी. खरंच गेलेलं असेल तरी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे असतात. दुसऱ्या गाडीचं जुनं मॉड्यूल लावायचं म्हणाले तर कोडिंग कोण करणार आणि पाईपांतली हवा स्कॅनरनं काढणार का, हे आधी ठरवून घ्या, कारण काही गाड्यांत मॉड्यूलमधली हवा नुसतं पेडल मारून निघत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर एकपण वायर कापू देऊ नका.

## बॅटरी काढून लावली की दिवा जातो म्हणतात

जातो, आणि गाडी थोडी पळाली की परत येतो. मॉड्यूल चावी फिरवल्यावर आणि नंतर गाडी हलल्यावर स्वतःची तपासणी करतं. सुरू करून पहिल्यांदा १५-२० च्या स्पीडला गेल्यावर काही गाड्यांत बॉनेटमधून 'घुर्र' असा बारीक आवाज येतो, तो हाच, त्यात बिघाड काही नाही. बिघाड तिथंच असेल तर तपासणीत परत सापडणार.

बल्ब काढणं किंवा दिव्यावर काळी टेप मारणं हा प्रकार जुन्या गाडीच्या बाजारात चालतो. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला गेलात की इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करा. एबीएसचा दिवा लागला पाहिजे, आणि काही सेकंदांनी गेला पाहिजे. लागलाच नाही, तर विकणारा कितीपण गोड बोलला तरी स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि तो एअरबॅगच्या दिव्याबरोबर अगदी एकाच क्षणी विझत असेल, तर एकाची वायर दुसऱ्याला जोडलेली असू शकते, तेपण तपासा.

## बाईकवाल्यांसाठी

चावी फिरवल्यावर बाईकचा एबीएसचा दिवा लागलेलाच राहतो आणि गाडी थोडी पुढं गेली की जातो, हे बरोबर आहे, त्याला बिघाड समजू नका. बाईक स्टँडवर लावून मागचं चाक पळवलं तरी दिवा लागतो, कारण मागचं पळतंय आणि पुढचं उभं आहे, मॉड्यूलला ते पटत नाही. चावी बंद-चालू करून चार पावलं चालवा, जाईल. ज्या बाईकला सिंगल चॅनल एबीएस आहे तिथं ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक जाम होणारच.

वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप थेट डिस्कजवळच्या रिंगवर आणि सेन्सरवर धरू देऊ नका. पंक्चर काढायला चाक उतरवलं तर त्या डिस्कजवळच्या भोकाभोकांच्या पातळ पत्र्याच्या रिंगवर चाक आडवं टाकायचं नाही, ती वाकली की दिवा लागलाच. पंक्चरवाल्यासमोर उभं राहून सांगा, "मामा, रिंगची बाजू वर ठेवा."